करंगळीची शाई

राघवला पहिली आंघोळ सुमित्राकाकूंनी घातली होती, आणि ही गोष्ट सांगायला त्या कधी चुकत नसत. सोसायटीच्या महिला मंडळाच्या बायका जमल्या, की विषय भाजीच्या भावाचा असो नाहीतर पाणी न येण्याचा, काकू तो फिरवून फिरवून राघवच्या आंघोळीवर आणून ठेवत. मंडळाची चिटणीस मीनाक्षी एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, "काकू, तो पोरगा उद्या कलेक्टर झाला ना, तर तुम्ही त्याच्या ऑफिसात घंगाळ घेऊन पोचाल!"

"पोचेन की. आणि तू मागून टॉवेल घेऊन ये," काकू म्हणाल्या.

गाझियाबादच्या त्या भागात तेव्हा इमारती उगवत होत्या. पलीकडे मोहरीची पिवळी शेतं, अलीकडे बिल्डरचे चार मजले आणि मध्ये विटांचे ढीग. काकूंचे यजमान भाऊसाहेब सरकारी छापखान्यातून रिटायर झाले. पहाडगंजची भाड्याची खोली सोडून त्यांनी इथे फ्लॅट घेतला. उभं आयुष्य त्या खोलीत काढलं, मुलं तिथल्याच मराठी शाळेत शिकली आणि मग आपापल्या नोकऱ्यांमागे लांब गेली. नव्या घरात भिंती कोऱ्या होत्या, खिडक्या मोठ्या होत्या आणि बोलायला कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावर वैभवी राहायला आली, तेव्हा काकूंना पुन्हा माणसात आल्यासारखं झालं.

वैभवी जळगावकडची. नवरा जयेश नोएडात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. वैभवीची आई लहानपणीच गेलेली. सासू आजारी, गावाहून हलू न शकणारी. त्यामुळे बाळंतपण काकूंनीच केलं. डिंकाचे लाडू केले, शेक दिला, बाळाला पायांवर घेऊन तेलाने रगडलं. वैभवी म्हणायची, "काकू, आई असती तर तिनेही एवढं केलं नसतं." काकू वरवर रागवायच्या आणि घरी येऊन ते वाक्य भाऊसाहेबांना सांगायच्या. भाऊसाहेब पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "काल सांगितलंस."

तर अशा या काकूंचा दुसरा ध्यास म्हणजे पोलिओचे थेंब. सरकारी दवाखान्याच्या त्यागी सिस्टर लसीची पेटी घेऊन गल्लोगल्ली फिरायच्या. एकदा उन्हात पाणी मागायला त्या काकूंच्या दारात थांबल्या, आणि पुढच्या खेपेला काकूच त्यांच्याबरोबर निघाल्या. त्याला कारणही तसंच होतं. काकूंचा धाकटा भाऊ दामू लहानपणीच पोलिओने अधू झाला होता. त्याचा पाय काडीसारखा राहिला. काकूंनीच त्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवलं, आणि पोरं त्याला काय काय म्हणायची ते त्यांनी कानांनी ऐकलं होतं. दामू तरुणपणीच गेला. पण दर पोलिओ रविवारी, थंड कुपी हातात घेतली की काकूंना त्याचा तो पाय आपल्या कमरेला लागल्यासारखा वाटायचा.

आणि त्यांच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर, राघवने अजून एकही थेंब घेतला नव्हता.

वैभवी भांडायची नाही. ती नुसतं "नको" म्हणायची. राघव महिन्याचा होता तेव्हा म्हणाली, नको. दात यायला लागले तेव्हाही, नको. काकू पोस्टर घेऊन गेल्या, तिच्या स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवून आल्या. दुसऱ्या दिवशी ते घडी करून फ्रिजवर ठेवलेलं. काकूंनी दामूची गोष्ट सांगितली. ती ऐकताना वैभवीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळे पुसून ती म्हणाली, "तरी नको, काकू."

"अगं पण का? तू शिकलेली, बी.कॉम. झालेली! खालच्या झुग्गीतल्या बायका पोरं घेऊन रांग लावतात, आणि तू?"

"त्यांचं त्या बघतील."

"तुला कुणी काही सांगितलंय का? पुढे मुलं होत नाहीत वगैरे? ते सगळं खोटं आहे हं. त्यागी सिस्टरने स्वतःच्या तिन्ही मुलांना—"

"काकू, चहात आलं घालू?"

जयेशने त्यांना एकदा जिन्यात गाठलं. "काकू, प्लीज, तिला फोर्स नका करू यार. होईल हळूहळू."

"हळूहळू म्हणजे कधी रे? आजार थांबतो का कुणासाठी?"

जयेशने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण खाली ऑफिसच्या गाडीने हॉर्न दिला आणि तो "चलो, निघतो" म्हणून उतरला.

त्या वर्षी संक्रांत आली आणि नेमका तिच्यानंतरचा रविवार पोलिओचा निघाला. काकूंच्या डोक्यात कल्पना आली ती तिथे. संक्रांतीनंतर मराठी घरांत बोरन्हाण करतात. लहान मुलाला काळं झबलं शिवायचं, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या. मुलाला ऋतू बाधू नये म्हणून. "मग काय," काकू मंडळात म्हणाल्या, "ऋतू बाधू नये म्हणून बोरं आणि आजार बाधू नये म्हणून थेंब. दोन्ही एकाच दिवशी, एकाच मैदानात. बोरं वेचायला पंजाब्यांची, बिहाऱ्यांची पोरंही येतील. त्यांच्या आया आपोआप मागे येतील."

मीनाक्षीने टाळी वाजवली. त्यागी सिस्टर म्हणाल्या, "आंटी, ये बोर वाला आइडिया तो लखनऊ भेजना चाहिए."

वैभवीने राघवचं बोरन्हाण करायचं ठरवलं होतंच. पण मंडळाची सूचना वाचून ती खाली आली आणि दारातच उभी राहिली. "काकू, बोरन्हाणाला येईन. थेंब मात्र द्यायचे नाहीत. तुम्ही शब्द द्या, तर येते."

"बरं बाई. नको तर नको."

"शब्द?"

"शब्द," काकू म्हणाल्या. वैभवी हसली आणि हलव्याचा मुकुट कसा करायचा ते विचारत आत येऊन बसली.

रविवारी ऊन कोवळं होतं आणि मैदानात जत्रा भरल्यासारखं झालं. राघव काळ्या झबल्यात, हलव्याची बासरी हातात, मुकुट एका कानावर घसरलेला. पाटावर बसला तो राजासारखा. डोक्यावरून बोरं पडायला लागली तसा आधी दचकला, मग खदखदून हसला. पोरांची एकच झुंबड उडाली. जयेशच्या कॅमेऱ्याचा रोल संपला. तो जुना रोल काढत बसला आणि वैभवी दुसरा आणायला घराकडे पळाली. जाताना म्हणाली, "काकू, याच्याकडे बघा हं जरा."

काकूंच्या एका हातात लसीची कुपी होती, शेजारच्या मुलाला पाजून झालेली. समोर राघव, तोंड आ करून हसत होता. खालचे दोन दात दिसत होते. काकूंना त्या क्षणी दामू दिसला की काय दिसलं, ते त्यांनाही पुढे कधी नीट सांगता आलं नाही. एवढंच, की त्या वाकल्या, राघवचे गाल चिमटीत धरले आणि दोन थेंब त्याच्या जिभेवर सोडले.

राघवने तोंड वाकडं केलं. काकूंनी लगेच एक चुरमुरा त्याच्या ओठांना लावला. झालं. कुणाला कळलं नाही. त्या सरळ झाल्या आणि त्यांना केवढं तरी हलकं वाटलं.

पण त्यागी सिस्टरच्या हातांना सवय होती. थेंब गेला, की डाव्या करंगळीच्या नखावर शाई. त्यांनी राघवचा हात उचलला, मार्करने खूण केली आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. काकू बोरं ओतायला वळल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं नाही.

संध्याकाळी वैभवी राघवला कडेवर घेऊन खाली आली. भाऊसाहेब टीव्हीवर बातम्या बघत होते. वैभवीने राघवचा डावा हात पुढे केला. मनगटावर हलव्याच्या बांगडीचा दोरा अजून होता.

"काकू, हे काय आहे?"

काकूंनी पाहिलं. करंगळीच्या नखावर शाई होती.

"मला वाटलं काजळ लागलंय. तेलाने पुसलं, साबणाने धुतलं. जात नाही. हे काय आहे?"

"बस आधी, वैभवी—"

"बसत नाही. तुम्ही पाजलेत?"

"दोनच थेंब गं. त्याच्या भल्यासाठीच ना? मी काय परकी आहे का? मी त्याला—"

"पहिली आंघोळ घातलीत. माहीत आहे. सगळ्या सोसायटीला माहीत आहे." वैभवीचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "राघव माझं पहिलं मूल नाही, काकू."

भाऊसाहेबांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मुलगी होती. बारसंही झालं नव्हतं, आम्ही नुसतं सोनी म्हणायचो. गावात कॅम्प आला. माझ्या मांडीवरून उचलली, सुई टोचली आणि परत मांडीवर ठेवली. काय टोचलं, कशासाठी, पुढे काय होईल, कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी ताप आला. दुसऱ्या दिवशी ती गेली. सासूबाई म्हणाल्या, तू नेलीस म्हणून गेली. इकडे येताना सगळे म्हणाले, नव्या ठिकाणी बोलू नका हे, अपशकुन होतो."

"अगं पोरी, मला सांगायचंस तरी—"

"तुम्ही विचारलंत कधी? पोस्टर आणलंत. दामूमामांची गोष्ट किती वेळा सांगितलीत. तुला कुणी भरवलंय का, असं विचारलंत. पण वैभवी, तू का नको म्हणतेस, तुझं काय झालंय, हे विचारून उत्तराला थांबलात कधी?"

काकूंनी राघवकडे हात पुढे केला. वैभवी एक पाऊल मागे सरकली.

"त्यांनीही माझ्या मांडीवरून उचललं होतं. तुम्हीही तेच केलंत," वैभवी म्हणाली आणि राघवची करंगळी मुठीत झाकून जिना चढून गेली.

थंडीच होती. दोन दिवसांनी राघवला सर्दी झाली, अंग थोडं गरम लागलं. सोसायटीतल्या निम्म्या पोरांना झाली होती. पण वैभवी त्याला छातीशी धरून रात्रंदिवस बसून राहिली. जयेशने पुढे सांगितलं, ती जेवली नाही की उठली नाही. सर्दी गेली. काकूंचं वर जाणं मात्र बंद झालं. पाठवलेला तिळगुळाचा डबा तसाच पायरीवर परत आला. जिन्यात गाठ पडली तर वैभवी राघवचं तोंड दुसरीकडे वळवायची, आणि तो मागे वळून काकूंकडे हात करायचा.

नंतरच्या पोलिओ रविवारी वैभवीच्या दाराला कुलूप असे. सकाळीच दोघं बाळाला घेऊन पहाडगंजला जयेशच्या मामांकडे जात. उन्हाळ्यात मात्र त्यागी सिस्टर रविवारनंतर घरोघर फिरत आल्या तेव्हा वैभवी घरी सापडली. काकू बरोबर होत्या, पण जिन्याच्या खालच्या वळणावरच थांबल्या.

"बच्चे को दवा पिलाई?"

"पिला दी. स्टेशन पर," वैभवी म्हणाली आणि राघवची करंगळी पुढे केली.

सिस्टरनी शाई पाहिली. डोक्यावर ऊन होतं आणि पुढे अजून घरं होती. "शाबाश," म्हणून त्यांनी दारावर खडूने खूण केली आणि वळल्या.

काकूंनी खालून पाहिलं होतं. करंगळी उजवी होती. पोलिओची शाई डाव्या करंगळीला लावतात. शिवाय ही शाई निळी होती, ऑफिसात फळ्यावर लिहायच्या मार्करसारखी. काकूंचं तोंड उघडलं. त्याच वेळी वैभवीची नजर खाली गेली आणि दोघींचे डोळे भिडले. त्या डोळ्यांत उद्धटपणा नव्हता. भीती होती. आता ही बाई पुन्हा माझं मूल उचलणार, अशी भीती.

काकूंनी पदर सारखा केला आणि त्या खाली उतरल्या.

आपण आधीच नको तेवढं केलं आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. पोरीला जरा निवू दे. श्रावणात मंगळागौरीला वर जाईन, पाय धरीन, सोनीबद्दल बोलेन. मग ती आपणहून आणेल त्याला. पुढची खेप आहेच की.

श्रावण आला, आणि त्याबरोबर बिल्डरने अर्धवट सोडलेल्या गटाराचं पाणी तुंबून पिण्याच्या टाकीत शिरलं. नळाला पिवळसर पाणी यायला लागलं. सोसायटीची माणसं बिल्डरच्या ऑफिसात ओरडून आली. मोठ्यांची पोटं बिघडली. राघवला ताप आला. ताप उतरला तेव्हा वैभवीने त्याला नेहमीसारखं पलंगाला धरून उभं केलं, तर त्याचा उजवा पाय दुमडला. तिला वाटलं, अशक्तपणा असेल. पुन्हा उभं केलं. पाय चिंधीसारखा लोंबत राहिला.

काकूंना हे मीनाक्षीने सांगितलं. राघवला दिल्लीतल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. काकू मऊ भाताचा डबा घेऊन बस बदलत बदलत पोचल्या. वॉर्डाबाहेर वैभवी जमिनीवर बसली होती. वेणी विस्कटलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"या," ती म्हणाली. "आत आहे तो. बघून या, तुमच्या थेंबांनी काय केलं ते."

"वैभवी..."

"जा ना. हसेल तुम्हाला बघून. ओळखतो तो अजून तुम्हाला."

काकूंना उत्तर माहीत होतं. एका वेळच्या थेंबांनी पुरतं संरक्षण मिळत नाही, ते पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, हे त्यांनी शेकडो बायकांना तोंडपाठ सांगितलं होतं. तिथे उभं राहून ते वाक्य त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना. त्यांनी डबा भिंतीशी ठेवला. राघवला बघायला त्या आत गेल्या नाहीत. तेवढा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना वाटलं नाही.

बाहेरच्या पायऱ्यांवर जयेश भेटला. दाढी वाढलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच.

"डॉक्टरांशी बोललो मी," तो म्हणाला. "त्यांनी तपासणीसुद्धा करून घेतली. म्हणाले, हा बाहेरचा आजार, घाण पाण्यातून आलेला. जानेवारीतल्या थेंबांचा काही संबंध नाही. उलट आणखी डोस पोटात गेले असते तर बहुतेक वाचला असता. सोनीचंही विचारलं मी. म्हणाले, लसीने ताप येतो, पण असं एका दिवसात मूल जात नाही सहसा. दुसरं काहीतरी दुखणं असेल, पण तेव्हा कुणी तपासलंच नाही, तर आता कोण सांगणार. हे सगळं मी वैभवीला कसं सांगू, काकू? कुठल्या तोंडाने?" तो पायरीवर बसला. "तो मार्कर माझा होता. ऑफिसातला. मीच आणून दिला तिला. रोजची कटकट नको म्हणून."

काकू त्याच्या शेजारी टेकल्या. समोर रिक्षा, फुगेवाले, चहाच्या गाड्या. दिल्ली आपली नेहमीसारखी चालली होती.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शाई उजव्या हाताला होती. मी जिन्यातून पाहिलं होतं."

जयेशने वळून त्यांच्याकडे पाहिलं. ओरडला असता, रडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, पॅंटची धूळ झटकली आणि आत निघून गेला.

त्यानंतर काकू पोलिओच्या कामाला गेल्या नाहीत. मंडळातही जात नसत. भाऊसाहेब एकदा म्हणाले, "तू वाईट मनाने नाही केलंस." काकू म्हणाल्या, "ते त्याच्या पायाला सांगा." पुन्हा त्या घरात हा विषय निघाला नाही.

हिवाळ्यात त्यागी सिस्टर आल्या. चहा झाला. मग म्हणाल्या, "आंटी, पीछे वाली गली में फिर मना कर रहे हैं."

"मैं समझाने लायक नहीं रही, बेटा."

"समझाने को नहीं कह रही. समझाने वाले बहुत हैं मेरे पास. आप बस बैठ जाना."

काकू गेल्या. पत्र्याच्या खोलीपुढे एक तरुण बाई भांडी घासत होती, पाठीशी मूल. काकूंनी पोस्टर काढलं नाही, दामूची गोष्टही सांगितली नाही. विटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "डर किस बात का लगता है, बेटी?" आणि गप्प राहिल्या. गप्प राहणं त्यांना जड गेलं. पुष्कळ वेळाने ती बाई म्हणाली, "नाली साफ करने साल भर में कोई नहीं आता. बच्चा बीमार हो तो अस्पताल में पर्ची नहीं बनती. और ये मुफ्त की दवा लेकर हर महीने दरवाज़े पर! क्यों आते हैं इतना?" काकूंना तिचं काहीच चुकीचं वाटलं नाही. "पूछना तो बनता है," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या तिला घेऊन नगरपालिकेत नालीची तक्रार द्यायला गेल्या. नाली लगेच साफ झाली नाही. पण त्या आठवड्यात बाईने आपणहून विचारलं, थेंबांनी मुलाच्या अंगात काय होतं. मग काकूंनी सांगितलं, ताप येऊ शकतो का तेही, एकदा देऊन भागत नाही तेही. तिने पाजले. तिची जाऊ मात्र नाहीच म्हणाली, आणि काकू तिच्याकडेही पुन्हा पुन्हा जाऊन बसत राहिल्या.

मंडळातही त्यांनी एक नवीन रीत घातली. डॉक्टरांना बोलवायचं, पण आधी आयांनी बोलायचं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत डॉक्टरांनी तोंड उघडायचं नाही. डॉक्टर घड्याळ बघायला लागले की मीनाक्षी त्यांच्यापुढे दुसरा लाडू ठेवायची. एकीने सांगितलं, बहिणीच्या मुलाच्या दंडाला गाठ आली होती. एकीने सांगितलं, आणीबाणीत तिच्या सासऱ्यांना नसबंदीला धरून नेलं होतं, तेव्हापासून घरात सरकारी माणसाला पाणीसुद्धा देत नाहीत. काकू मागे बसून ऐकत. केवढ्या गोष्टी घरोघरी तोंड मिटून बसल्या होत्या.

वैभवी या सभांना कधी आली नाही. ती खाली तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली होती, राघवला जिना नको म्हणून. तिची खबर मीनाक्षीकडून यायची. "व्यायामाला घेऊन जाते त्याला दिल्लीला. तिथे तसल्या पोरांच्या आयांजवळ बसते म्हणे. प्रत्येकीला एकच विचारते, तुम्ही किती वेळा पाजले होते?"

"मग? काय सांगतात त्या?"

"बहुतेक म्हणतात, एकदाही नाही. कुणी म्हणतं, एकदा." मीनाक्षीने काकूंकडे न बघता सांगितलं. "आणि काकू... ती पुन्हा आई होणार आहे."

बाळंतपण तिने कुणालाही न बोलावता केलं. एक पगारी बाई ठेवली. मुलगी झाली. रेवती नाव ठेवलं, हे काकूंना बारशाच्या पेढ्यांवरून नाही, रखवालदाराकडून कळलं. खालच्या फ्लॅटमधून तेलाचा वास यायचा, बाळ आंघोळीला रडायचं, आणि काकू त्यांच्या गॅलरीत हातातलं काम सोडून ते रडणं थांबेपर्यंत उभ्या राहायच्या.

वर्ष उलटून पुन्हा संक्रांत आली, आणि तिच्यामागून पोलिओचा रविवार. त्याच मैदानात टेबल, पांढरी चादर, बर्फाची पेटी आणि थेंब घेतलेल्या मुलांना द्यायच्या शिट्ट्या. बोरन्हाण आणि थेंब एका दिवशी ठेवायची रीत काकूंनीच मोडली होती. टेबल तेवढं उरलं होतं. रस्त्यापलीकडे शाळेच्या फाटकाशी दुसरं टेबल होतं, तिथे दुसऱ्या सिस्टर होत्या.

ऊन वर आलं तेव्हा मैदानाच्या फाटकातून वैभवी आत आली. कडेवर रेवती, काळ्या लोकरीच्या टोपीत. बोट धरून राघव. त्याच्या उजव्या पायाला लोखंडी पट्ट्या होत्या, आणि प्रत्येक पावलाला त्या वाजत होत्या. त्याने काकूंना ओळखलं नाही. टेबलावरच्या शिट्ट्या तेवढ्या बघितल्या.

रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. वैभवी सरळ काकूंसमोर येऊन उभी राहिली. इतक्या जवळून काकूंनी तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. कपाळाशी केस पांढरे झाले होते.

"विचारा," वैभवी म्हणाली.

काकूंना कळेना.

"विचारा मला."

काकूंच्या हातात कुपी होती. "वैभवी," त्या म्हणाल्या, "तुझ्या मुलीला पोलिओचे थेंब देऊ का?"

वैभवी त्यांच्याकडे बघत राहिली. जणू हा प्रश्न फार दिवसांपूर्वी यायला हवा होता आणि आता आलेला तिला सोसत नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "तुमच्या हातून नाही."

काकूंनी मान हलवली.

"थेंबांवर माझा राग नाही आता, काकू," वैभवी म्हणाली, आणि काकू हा शब्द तिच्या तोंडून सवयीने निघून गेला असावा, कारण पुढचं ती बोललीच नाही. तिने राघवचं बोट धरलं. तो शिट्टीकडे बघत रेंगाळला. काकूंनी एक शिट्टी उचलली, मग थांबल्या.

"त्याला देऊ का?"

वैभवीने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. काकूंनी शिट्टी टेबलाच्या कडेला ठेवली. राघवने आईकडे पाहिलं आणि ती स्वतः उचलली.

ती तिघं रस्ता ओलांडून गेली. शिट्टी वाजत होती, पट्ट्या वाजत होत्या. पलीकडच्या टेबलापाशी वैभवी थांबली. सिस्टर वाकल्या. मध्ये एक ट्रक आला. तो गेला तेव्हा रेवती रडत होती, आणि वैभवी तिची इवलीशी डावी करंगळी धरून शाई वाळावी म्हणून फुंकर घालत होती.

"अम्मा जी, हमारा नंबर?" रांगेतली पुढची बाई म्हणाली.

कुपी हातात गरम व्हायला लागली होती. काकूंनी ती बर्फात ठेवली आणि दुसरी काढली. पदराने डोळे पुसले. मग त्या बाईच्या कडेवरच्या मुलाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "बेटी, पिला दूँ?" आणि उत्तराची वाट बघत थांबल्या.